डिस्क भरली, पण फायली दिसत नाहीत: डीयू, एनसीडीयू, एलएसओएफ की बाइंड माउंट?

म्हापशातल्या एका छापखान्याचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. चवथ आठवड्यावर आलेली, आरत्यांच्या पुस्तिका रांगेत, आणि रूट विभाजन (डिस्कचा मुख्य भाग, जिथे सिस्टिम राहते) शंभर टक्के भरलेलं. डिस्कवरची एकूण वापरलेली जागा सांगणारी डीएफ कमांड म्हणे २३० जीबी वापरात. फोल्डरांत शिरून फायली मोजणाऱ्या डीयूची बेरीज ९० जीबीच्या पुढे सरकेना.

कुठलं साधन उचलायचं ते या दोन आकड्यांवरून ठरवा. आकडे घेताना सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं) हवंच. परवानगी नसलेल्या फोल्डरांत डीयू शिरू शकत नाही आणि नसलेला फरक दिसायला लागतो.

आकडे जुळले तर फायली समोरच आहेत, फक्त शोधायच्या आहेत. इथे माझा कौल डीयूसारखंच मोजणाऱ्या एनसीडीयूला. एकदा स्कॅन झालं की बाणांच्या कळांनी आत-बाहेर फिरता येतं, मोठं फोल्डर आपोआप वर येतं. डीयूला प्रत्येक पायरीवर पुन्हा चालवावं लागतं, पण ते आधीपासून सगळीकडे असतं. एनसीडीयू बसवावं लागतं आणि भरलेल्या डिस्कवर तेच अडतं, म्हणून जागा आहे तोवर बसवून ठेवा. दोन्हींना -एक्स पर्याय द्या, म्हणजे दुसऱ्या डिस्का मोजणीत येणार नाहीत. एनसीडीयूत डी दाबून फाइल तिथल्या तिथे पुसता येते; डॉकरच्या (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणारं साधन) फोल्डरात मात्र तसं करू नका, त्यासाठी डॉकरचीच प्रून कमांड आहे.

आकडे जुळले नाहीत तर एनसीडीयूही डीयूइतकंच आंधळं. आधी एलएसओएफ +एल१ चालवा, ते पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फायलींची यादी देतं. कुणी चालू प्रोग्रामची लॉग (नोंदींची) फाइल पुसली, तर नाव जातं, पण प्रोग्रामने ती उघडी धरलेली असेपर्यंत जागा सुटत नाही. यादीत ती फाइल आणि तिला धरून बसलेला प्रोग्राम दोन्ही दिसतात. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की काम झालं. मिनिटभराची तपासणी आहे, म्हणून पहिला मान तिचा.

आमच्याकडे त्या यादीत जेमतेम काही एमबी निघाले. मग बाइंड माउंट, म्हणजे एक फोल्डर दुसऱ्या जागीही जोडून बघणं. जुलैच्या पावसात वीज गेली होती, आणि मशीन परत सुरू झालं तेव्हा बाहेरची बॅकअप डिस्क माउंट झालीच नव्हती, म्हणजे तिच्या फोल्डराला जोडली गेली नव्हती. रात्रीची स्क्रिप्ट त्याच रिकाम्या फोल्डरात, म्हणजे रूटवरच, बॅकअप लिहीत राहिली. पुढे डिस्क माउंट केली आणि ते सगळं तिच्याखाली झाकलं गेलं. डिस्क अनमाउंट करूनही ते दिसलं असतं, पण ती वापरात होती आणि काम थांबवणं परवडणारं नव्हतं. रूट दुसऱ्या फोल्डरावर --बाइंडने माउंट केलं (--आरबाइंडने नव्हे, त्याने रूटवर माउंट केलेल्या डिस्काही सोबत येतात), तिथे डीयू चालवलं आणि १४० जीबी समोर आले.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. जागा असूनही फाइल बनत नसेल तर डीएफ -आय बघा, आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपले असतील. आणि ईएक्सटी४ (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) वर वापरलेली व उपलब्ध जागा मिळून एकूण भरत नसेल, तर ते रूट वापरकर्त्यासाठी राखलेले ५ टक्के. १ टीबीच्या निव्वळ डेटा डिस्कवर ट्यून२एफएस कमांडने ते १ टक्का करा, रूट विभाजनावर आहे तसंच राहू द्या.

आमची बॅकअप स्क्रिप्ट आता आधी माउंटपॉइंट कमांडने डिस्क जागेवर आहे का ते विचारते. नसेल तर एक अक्षरही न लिहिता मला मेल पाठवते.