रीफ टँकसाठी केएच आणि कॅल्शियम: ऑल-फॉर-रीफ, रेड सी, सीकेम की चुन्याची निवळी?

दुकानात रीफ टँकच्या, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, बाटल्यांची कितीही मोठी रांग लागलेली असो, दगडी कोरल रोज पाण्यातून भरपूर प्रमाणात उचलतात त्या गोष्टी दोनच: कॅल्शियम आणि कार्बोनेट. कार्बोनेटचं माप म्हणजे अल्कलिनिटी, हौशी लोकांच्या तोंडी केएच. मॅग्नेशियम जातं, पण खूप हळू. बाकी बहुतेक बाटल्या पहिलं वर्षभर तरी विकत घ्यायची गरज नसते.

हे परीक्षण आखाती देश, सिंगापूर, अमेरिका, युरोप अशा ठिकाणी राहून कायदेशीर कागदपत्रांसह कोरल पाळणाऱ्यांना समोर ठेवून लिहिलं आहे. भारतात रीफ बांधणारे दगडी कोरल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. "इथे मिळतंय" म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

आधी आकडे. समुद्राच्या पाण्यात ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) क्षारतेला कॅल्शियम सुमारे ४१० ते ४२० पीपीएम (दशलक्षात भाग), केएच सुमारे ७ डीकेएच (केएचचं एकक) आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास असतं. टँकमध्ये केएच ७.५ ते ९, कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १४०० ठेवलं की पुरे. कोरल सांगाडा बांधतात तेव्हा १ डीकेएचमागे साधारण ७ पीपीएम कॅल्शियम खर्च होतं आणि हे प्रमाण ठरलेलं असतं. म्हणूनच केएच मोजणं महत्त्वाचं. कॅल्शियम ४३० वरून ४२३ वर आलं तर घरच्या किटला ते कळणारही नाही, पण त्याच वेळी ८ चा केएच ७ झालेला असतो आणि तो फरक स्पष्ट दिसतो.

म्हणून पहिली खरेदी बाटलीची नाही, मापाची. हॅना एचआय७७२ हा केएच मोजायचा छोटा चेकर या कामाला उत्तम आहे: १० मिली पाणी, १ मिली रिएजंट, आणि आकडा थेट डीकेएचमध्ये. काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो. कुपी दर वेळी मऊ फडक्याने पुसा, आणि शून्य करताना व मोजताना तिचं तोंड एकाच दिशेला ठेवा. त्याची अचूकता ०.३ डीकेएच अधिक मापाच्या ५ टक्के एवढीच आहे, त्यामुळे काल ८.१ आणि आज ७.९ दिसलं म्हणून डोस बदलू नका.

आता रोजचा खप काढा. सगळे डोस तीन दिवस बंद ठेवा, पाणीही बदलू नका, आणि रोज एकाच वेळी केएच मोजा. समजा ८.४ वरून ७.२ वर आला, तर खप दिवसाला ०.४. सोबत निव्वळ पाणी किती आहे तेही ठरवा: २५० लिटरच्या टँकमधून दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली तर साधारण २०० लिटर उरतं. बाटलीवरचा डोस या २०० वर काढायचा. पुढची सगळी गणितं याच टँकची आहेत.

खप ०.२ च्या आत असेल, टँकमध्ये मऊ कोरल आणि एखाद-दोन एलपीएस (मोठ्या पॉलिपचे दगडी कोरल) असतील, तर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत राहा आणि एखाद्या दिवशी थोडा खायचा सोडा घाला. एवढ्यात भागतं. बाटलीचा विचार त्यापुढचा.

ट्रॉपिक मरिन ऑल-फॉर-रीफ. मिश्र टँक, मध्यम खप आणि एकच डोसिंग पंप (ठरलेला डोस आपोआप टाकणारा पंप) असणाऱ्यांसाठी आमची पहिली पसंती हीच. कॅल्शियम आणि कार्बोनेट वेगवेगळ्या द्रावणांतून देण्याची बॉलिंग पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते हान्स-वेर्नर बॉलिंग याच जर्मन कंपनीशी निगडित आहेत. यात कॅल्शियम, कार्बोनेटचा स्रोत, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम आणि सूक्ष्म घटक एकाच द्रावणात येतात. कॅल्शियम आणि कार्बोनेट एका बाटलीत घातले तर खरं म्हणजे पांढरा साका बसायला हवा. इथे तो बसत नाही, कारण कार्बोनेट तयार स्वरूपात नसतंच, फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचा क्षार) असतं. टँकमधले बॅक्टेरिया ते फॉर्मेट खातात आणि त्यातून बायकार्बोनेट तयार होतं.

सगळ्यात मोठी गफलत नेमकी इथेच होते. डोस दिल्यावर तासाभराने मोजलं तर केएच वाढलेला दिसत नाही. माणूस आणखी घालतो, पुन्हा मोजतो, पुन्हा घालतो, आणि दोन दिवसांनी केएच एकदम चढतो. डोस ठरवला की निदान तीन-चार दिवस त्याला हात लावायचा नाही, रोज फक्त मोजायचं. अगदी नवा टँक आणि कोरडे दगड असतील तर बॅक्टेरिया कमी असतात, परिणाम आणखी उशिरा दिसतो. बॅक्टेरियांना या कामाला ऑक्सिजन लागतो, म्हणून स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसासोबत काढणारं यंत्र) चालू असू द्या.

सुरुवात १०० लिटरला दिवसाला ५ मिली, म्हणजे आपल्या टँकला १० मिली. कमाल मर्यादा १०० लिटरला २५ मिली. ढोबळमानाने त्यातून दिवसाला दीड डीकेएच मिळतो. खप त्यापलीकडे गेला तर हे उत्पादन तुमच्यासाठी नाही. द्रावणापेक्षा पावडर घ्या, स्वस्त पडते: १६० ग्रॅम पावडर आणि १ लिटर होईपर्यंत आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं शुद्ध) पाणी. त्याहून घट्ट करायला जाऊ नका, कॅल्शियम फॉर्मेट विरघळण्याची सीमा तिथून जवळच आहे. थंड खोलीत तळाशी खडे दिसू लागतात. पंपाच्या नळीचं टोक पाण्याच्या थोडं वर ठेवा आणि आठवड्याला पुसा, नाहीतर तिथे पापुद्रा धरून डोस अर्ध्यावर येतो आणि कारण आठवडाभर लक्षात येत नाही. दुसरी मर्यादा अशी की एकच घटक वर-खाली करता येत नाही. केएच कमी आणि कॅल्शियम जागेवर असेल तर सोडा वेगळा घालून आधी तोल बसवायचा, मग पुन्हा याच्यावर यायचं.

रेड सी रीफ फाउंडेशन ए, बी, सी. खप रोज १ डीकेएचच्या पुढे गेला, ॲक्रोपोरा (फांद्यांचे, वेगाने वाढणारे दगडी कोरल) वाढायला लागले, की हा तीन बाटल्यांचा संच जास्त उपयोगी. प्रत्येक घटकाची लगाम वेगळी हातात राहते. १०० लिटरमध्ये ए चा १ मिली कॅल्शियम २ पीपीएमने वाढवतो, बी चा १ मिली केएच ०.१ ने, सी चा १ मिली मॅग्नेशियम १ पीपीएमने. हे आकडे नीट पाहा, कारण ए आणि बी सारख्याच मापाने घालायचे असं समजणारे पुष्कळ आहेत. आपल्या टँकचा ०.४ चा खप भरायला बी चे ८ मिली लागतात, तर कॅल्शियम जेमतेम ३ पीपीएम गेलेलं असतं, म्हणजे ए चे ३ मिली. दोन्ही ८-८ मिली घालत राहिलात तर कॅल्शियम रोज ५ पीपीएमने फुगतं आणि महिनाभरात ५५० च्या पुढे सरकतं. मग साका बसतो, केएचही त्याच्यासोबत कोसळतो, आणि दोष मात्र बाटलीला दिला जातो.

सीकेम रीफ फ्यूजन १ आणि २. ज्यांना हे गणित नकोच आहे त्यांना हे सोपं. दोन्ही बाटल्या सारख्या मापाने घालायच्या असतात: २५ लिटरला १-१ मिली घातला की कॅल्शियम सुमारे ४ पीपीएम आणि केएच साधारण अर्धा डीकेएच वाढतो. २०० लिटरच्या टँकला ०.४ च्या खपासाठी दोन्हींचे साडेसहा मिली. प्रमाण कॅल्शियमकडे किंचित झुकलेलं आहे, म्हणून महिन्यातून एकदा कॅल्शियम तपासा. मध्यम टँकला चांगलं, मोठ्या टँकला बाटल्या फार लवकर संपतात.

ए-बी असो किंवा १-२, दोन्ही भाग एकत्र ओतायचे नाहीत. मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या आणि जोराचा प्रवाह असेल तिथेच, सम्पमधल्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतल्या) रिटर्न पंपाजवळ, ओता. पाणी दुधासारखं पांढरं झालं तर कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडायला लागलं असं समजा. ते पुन्हा विरघळत नाही, हीटरवर आणि पंपाच्या इम्पेलरवर बसतं. मॅग्नेशियम १२०० च्या खाली गेलेलं असेल तर हे फार सहज होतं. डोस नियमित देऊनही केएच टिकत नसेल तर आधी मॅग्नेशियम तपासा.

दोन भागांच्या सगळ्याच पद्धतींत मागे साधं मीठ उरतं. रोज १ डीकेएच भरत असाल तर महिन्याला क्षारता साधारण ०.६ पीपीटीने वाढते. रिफ्रॅक्टोमीटरने दर आठवड्याला पाहा आणि वाढ दिसली तर थोडं खारं पाणी काढून त्या जागी आरओ-डीआय पाणी भरा. मूळ बॉलिंग पद्धतीत यासाठीच सोडियम क्लोराइड नसलेलं सागरी मीठ तिसरा भाग म्हणून घालतात. ऑल-फॉर-रीफमध्ये हा प्रश्न येत नाही, हाही त्याचा एक गुण.

घरगुती मार्ग. रसायनं तीच, किंमत बरीच कमी. १०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा, कॅल्शियम १० पीपीएम वाढवायला ३.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, मॅग्नेशियम १० पीपीएम वाढवायला ८.४ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट. सोडा म्हणजे निव्वळ सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडरमध्ये स्टार्च आणि आम्ल असतं, फ्रूट सॉल्टमध्ये सायट्रिक ॲसिड, ती दोन्ही चालत नाहीत. टँकचा पीएच कमी राहत असेल तर सोडा पसरट ट्रेमध्ये १५० अंश सेल्सियसला तासभर भाजा. त्याचा सोडियम कार्बोनेट होतो, वजन सुमारे ३७ टक्के घटतं, आणि मग १ डीकेएचला १.९ ग्रॅम पुरतात. कॅल्शियम क्लोराइड अन्न-दर्जाचंच घ्या, रस्त्यावरचं बर्फ वितळवायचं नको. पाण्यात घालताना ते चांगलंच तापतं, हातमोजे घाला. एका दिवसात केएच १ पेक्षा जास्त वर न्यायचा नाही, मग तो कितीही खाली गेलेला असो. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जवळपास शून्य असताना केएच १० च्या वर नेला तर ॲक्रोपोराची टोकं पांढरी पडून जळतात.

चुन्याची निवळी, हौशी लोकांच्या भाषेत काल्कवासर, अजूनही तितकीच कामाची. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरायचं तेच निवळीने भरायचं. १ लिटर आरओ-डीआय पाण्यात दीड ते दोन ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळा, साका खाली बसू द्या आणि वरची निवळ तेवढी वापरा. भांडं झाकून ठेवा, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वर साय धरते आणि निवळीची ताकद जाते. पानाला लावायचा चुना यासाठी नको, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. आपल्या टँकमधून दिवसाला २ लिटर पाणी उडत असेल तर सगळं निवळीने भरल्यावर साधारण १.१ डीकेएच मिळतो. त्याहून जास्त देता येत नाही, कारण तेवढं पाणी उडतच नाही. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. ऑटो टॉप-ऑफचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा) फ्लोट स्विच अडकला आणि २० लिटरचा डबा एका रात्रीत टँकमध्ये रिकामा झाला, तर कोरल आणि मासे दोन्ही जातात. म्हणून डबा लहान ठेवा आणि पंप टायमरवर, फक्त रात्री, थोडं थोडं टाकेल असा लावा.

पीएच वाढवणाऱ्या बाटल्या घेऊ नका. त्या बहुतेक वेळा केएचच वाढवतात, आणि काहींत बोरेट असल्यामुळे केएचचं मापही फुगतं. बंद खोलीत साठलेला कार्बन डायऑक्साइड हे कमी पीएचचं नेहमीचं कारण, त्यावर उपाय खिडकी उघडणं किंवा स्किमरला बाहेरची हवा देणं. आयोडीन, लोह, स्ट्रॉन्शियमच्या वेगळ्या बाटल्या आयसीपी चाचणीत (प्रयोगशाळेत पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी चाचणी) कमतरता दिसल्याशिवाय नकोत, त्यातही आयोडीनचा अतिडोस लवकर भोवतो.

मिठाची पिशवी निवडतानाही केएच पाहा. रेड सी कोरल प्रोचं पाणी सुमारे १२ डीकेएचचं होतं. टँक ८ वर ठेवला असेल आणि २० टक्के पाणी बदललं तर एका दमात ०.८ ची उडी बसते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी डोस बंद ठेवा, किंवा ७-८ डीकेएचचं मीठ घ्या. डोसिंग पंपाची नळी कालांतराने सैल पडते, म्हणून महिन्यातून एकदा मोजपात्रात १० मिली सोडून पाहा: ९ मिली आले तर पंप पुन्हा कॅलिब्रेट करा, डोस वाढवू नका.