टीव्हीवर सात महिने बॅले: एका कथकवालीचा अनुभव

मी कथक शिकवते. नाशिकला गंगापूर रोडला घर, खालच्याच खोलीत क्लास. २०२० च्या मार्चच्या मध्याला मुलींना सुट्टी दिली तेव्हा वाटलं होतं, पाडवा झाला की पुन्हा सुरू करू. नेमका पाडव्याच्याच दिवशी, २५ मार्चला, लॉकडाउन लागला. २७ तारखेला एका विद्यार्थिनीने लिंक पाठवली: मॉस्कोचं बोल्शोई थिएटर आपला 'स्वान लेक' यूट्यूबवर फुकट दाखवतंय, फक्त २४ तास राहणार. मॉस्कोत संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे साडेनऊ. जेवणं उरकली होती. आई, मी आणि माझी लेक मोबाइलसमोर बसलो, आणि त्या रात्रीपासून ऑक्टोबर संपेपर्यंत आठवड्यातून दोन-तीन रात्री आमच्याकडे बॅले चालू राहिला. आधी फुकटचा, मग पैसे भरून.

एरवी आम्हाला बॅले कुठे दिसणार होता? कालिदास कलामंदिरात नाटकं पाहिली, गाणं ऐकलं, मुलींचे कार्यक्रमही केले. पण शंभरेक कलाकार आणि पूर्ण वाद्यवृंद घेऊन एखादा रशियन संच नाशिकला येईल, अशी आशा मी कधी धरली नव्हती. त्यामुळे 'प्रत्यक्ष बघण्याची मजा पडद्यावर नाही' हे वाक्य मला माझ्या बाबतीत फारसं लागू करता येत नाही. माझ्यासमोर पर्यायच पडद्याचा होता. मी त्याला त्याच मापाने मोजते आहे.

पहिले दोन दिवस मोबाइलवर पाहिलं आणि डोळे शिणले. मोबाइलवर चोवीस हंसिणी म्हणजे चोवीस पांढरे ठिपके. मग वायर लावून टीव्हीला जोडलं. आमच्या घरी नेट ज्यांचं आहे त्यांनी मात्र पहिल्याच रात्री दगा दिला. तिसऱ्या अंकातली काळी हंसिणी ओडिल एका पायावर ३२ गिरक्या घेते, त्यांना फुएते म्हणतात. १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पिएरिना लेन्यानीने या बॅलेत त्या घेतल्या आणि तेव्हापासून प्रत्येक नर्तकीची तिथे परीक्षा असते. लेक मोठ्याने मोजत होती. तेराव्यावर चित्र थिजलं. पंधरा मिनिटं तो पाय हवेत तसाच! दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता उरलेल्या पाहिल्या, कारण २४ तास संपले नव्हते. त्यानंतर मी एक नियम केला: रात्री लागलं तरी महत्त्वाचं सकाळी पाहायचं. लंडनचं तर रात्री नीट जमतच नाही. रॉयल बॅलेचा 'द विंटर्स टेल' १ मे रोजी लागला, तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपले साडेअकरा. आई तोवर झोपलेली. मी एकटी जागी राहिले, आणि दुसऱ्या अंकात झाडाखालून चक्क बासरी ऐकू आली, आपली बासरी, रंगमंचावर बसून वाजवलेली. महाराष्ट्र दिनाची ती सुनसान रात्र, गंगापूर रोडवर एक गाडी नाही, आणि लंडनहून आलेली बासरी. उठून खिडकी उघडली होती मी.

आता मुख्य तक्रार. ती कॅमेऱ्याबद्दल आहे. चित्रीकरण करणाऱ्यांना चेहरा फार आवडतो. नर्तकी अडाजिओत, म्हणजे संथ लयीच्या नाचात, पाय हळूहळू वर नेते आहे, सगळा जीव त्या पायात, आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांवर जाऊन बसतो. डोळे सुंदरच असतात. पण बॅलेचा चेहरा पाय असतो. आपल्याकडे अभिनयाला जवळून बघणं चालतं, ठुमरीवर भाव करताना तर भुवईही बघायची असते. तरी तत्कार, म्हणजे कथकचं पावलांचं काम, चालू असताना कुणी माझ्या गुडघ्याखालचं कापलं तर काय उरेल? समूहनृत्यात तर हे फारच खटकतं. ओळ कशी वळते हे दिसण्यासाठी पूर्ण रंगमंच लागतो, आणि नेमकी ओळ वळायला लागते तेव्हा चित्र बदलतं.

म्हणूनच, माझ्या मते या सात महिन्यांत सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते प्रयोगांतून नाही, रियाजातून. इंग्लिश नॅशनल बॅलेच्या तेव्हाच्या संचालिका तमारा रोहो लॉकडाउनमध्ये स्वतःच्या स्वयंपाकघरातून रोजचा वर्ग घेत होत्या, कुणीही फुकट करावा असा. बारऐवजी, म्हणजे धरायच्या आडव्या दांड्याऐवजी, ओट्याचा आधार. कॅमेरा एका जागी, डोक्यापासून टाचेपर्यंत अख्खं शरीर. प्लिए करताना, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाताना, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत बाहेर उघडतात ते इतकं स्वच्छ दिसलं की शेजारी भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी तिचं अरमंडी (अर्धं बसून उभं राहणं) त्यावरून समजावलं. लेक आमच्या ओट्याला धरून रोज अर्धा तास करायची. गॅसच्या बाजूला नाही, खिडकीच्या बाजूला, एवढीच आईची अट. २९ ऑक्टोबर २०२० ला वर्ल्ड बॅले डे झाला, त्यात मोठ्या संचांचे वर्ग दाखवतात. तेही बघा, प्रयोगाच्या आधी बघा.

हेडफोन जरूर लावा. टीव्हीच्या स्पीकरवर फक्त संगीत येतं. हेडफोनवर पॉइंट शूजचा आवाज येतो, कापड आणि गोंदाचे थर देऊन कडक केलेल्या टोकाचा, लाकडी जमिनीवर टपटप. तो आवाज होऊ नये म्हणून त्या मुली किती कष्ट घेतात! आम्ही पायात शंभर-शंभर घुंगरं बांधून जमिनीला सांगतो की बघ, आलो. त्या जमिनीला कळू न देता उतरतात. आई दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "हिच्या पायात घुंगरू नाही, मग ती सम कुणाला दाखवते?" सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे येऊन थांबायचं. मी बराच वेळ त्यावर विचार केला. त्यांची सम ऐकायची नसते, बघायची असते. गिरकी थांबून पाय पाचव्या स्थितीत मिटतो, तिथे. गिरकीत नजर समोर एका बिंदूवर धरायची आणि मान शेवटी झटक्यात फिरवायची, हे मात्र त्यांचं आणि आमचं एकच. आम्ही टाचेवर फिरतो, त्या बोटांच्या टोकावर.

'ला बायादेर'बद्दल थोडं. हा १८७७ चा मारियस पेतिपाचा बॅले, संगीत मिंकुसचं, कथा भारतातली: देवळातली नर्तकी निकिया, तिचा प्रियकर सोलोर, राजकन्या गमझत्ती. आईला एकही नाव ओळखीचं वाटलं नाही आणि अग्नीभोवती उड्या मारणारे फकीर बघून ती उठूनच गेली. मलाही ते अंक आवडले नाहीत. आपल्या देवळात नाचणारीचं जगणं, तिचा ताल, तिची बोली, यातलं काही तिथे नाही. पण सावल्यांचा प्रवेश बघाच. उतारावरून एकामागून एक चोवीस सावल्या, म्हणजे पांढऱ्या वेशातल्या नर्तकी, येतात (काही संचांत बत्तीस). प्रत्येक जण तीच हालचाल करते: एक पाय मागे लांब, धड पुढे, मग मागे रेलून दोन पावलं. पुन्हा तेच. पहिल्या मुलीला ते तीस-चाळीस वेळा करावं लागतं. जप चालू असल्यासारखं. तिथे मला भारत आठवला, फकिरांत नाही.

बॅलेवाल्यांना आपलं वेड जुनंच. १८३८ मध्ये पाँडिचेरीजवळच्या देवदासींचा संच पॅरिसला नाचून आला होता. तिथल्या ज्या तेओफिल गोतिए या कवीने त्यांच्यावर भरभरून लिहिलं, त्यानेच पुढे १८५८ मध्ये पॅरिस ऑपेरासाठी शाकुंतलाचा बॅले रचायला संहिता दिली. आपल्या महाकवीच्या नावाचं नाट्यगृह शालिमारजवळ कुलूप लावून उभं होतं, आणि मी हे घरात बसून वाचत होते.

खर्चाचं सांगायचं तर फुकटचं एप्रिल ते जूनमध्ये भरपूर होतं, पुढे आटलं. मी दोन महिने एका सेवेचं सदस्यत्व घेतलं. आठवड्याला दोन प्रयोग बघणार असाल तर परवडतं, नाहीतर नको. लहान मुलं असतील तर पूर्ण बॅले लावू नका, एक अंक लावा. कथा आधी सांगून ठेवा, कारण बॅलेत कुणी बोलत नाही आणि मुलं दर दोन मिनिटांनी "आता काय झालं" विचारतात.

माझ्या स्वतःच्या शिकवण्यात यातून एक बदल झाला. जूनपासून क्लास व्हिडिओ कॉलवर सुरू केला तेव्हा माझी सम आणि मुलींची सम जुळेना, आवाज उशिरा पोचायचा. शेवटी सगळ्यांचे माइक बंद करून मी नुसतं बघायचं ठरवलं. आणि बघायला गेले तर प्रत्येक चौकटीत चेहरा आणि खांदे! मीच मार्चपासून ज्याची तक्रार करत होते तेच. मग प्रत्येकीला सांगितलं, मोबाइल जमिनीवर ठेव, तांदळाच्या डब्याला टेकव, आणि आठ पावलं मागे जा. आता पाय दिसतात.

५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या खुर्च्या भरून नाट्यगृहं उघडायला परवानगी मिळाली. मुलींचा कार्यक्रम कधी घ्यायचा ते पालकांशी बोलून ठरवणार होते. ज्यांना यायला भीती वाटेल त्यांच्यासाठी चित्रीकरण करावं लागणार होतं. कॅमेरावाल्याला मी आधीच सांगून ठेवलं: शेवटच्या रांगेत उभा राहा, आणि तत्कार चालू असताना काहीही झालं तरी झूम करू नको.