एका विरत्या देशाचे शेवटचे गाणे आणि रविवार कारंजाजवळचे एक दुकान

जुन्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करून देणारी दुकाने नाशिकमध्ये आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. रविवार कारंजावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, वडील आणि मुलगा मिळून चालवत असलेले असेच एक दुकान आहे. तिथे मी यंदा मे महिन्यात एक व्हीएचएस कॅसेट दिली आणि मला ती तीन आठवड्यांनी परत मिळाली. आपल्या घरी लग्नामुंजीच्या, नाटकांच्या किंवा परदेशातून आलेल्या अशा फिती पडून असतील, तर हा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कॅसेट माझ्या मामांची. ते जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्याबरोबर काम करणारा बोस्नियातल्या साराएव्होचा एक फिटर ९ मे १९९२ च्या रात्री पाळीवर होता आणि त्याच्या घरी व्हीसीआर नव्हता. म्हणून त्याच्या सांगण्यावरून मामांनी त्या रात्रीची युरोव्हिजन गीतस्पर्धा, म्हणजे युरोपातले देश एकेक गाणे पाठवतात ती वार्षिक स्पर्धा, जर्मन दूरदर्शनवरून संपूर्ण ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवली. कॅसेट घ्यायला मात्र तो आला नाही. पुढे केव्हातरी मामांनी विषय काढला तेव्हा तो एवढेच म्हणाला, की ती आता तुमच्याकडेच असू द्या. मामा नाशिकला परतले तेव्हा त्यांच्या सामानातून ती गोदाकाठच्या जुन्या घरात आली आणि तिथल्या दमट कपाटात जवळपास तीन दशके राहिली.

या एका कॅसेटसाठी एवढी खटपट का केली, हे सांगितल्याशिवाय दुकानाच्या कामाचे मोल कळणार नाही. युगोस्लाव्हिया हा सहा प्रजासत्ताकांचा देश या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला तो १९६१ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याची राजधानी बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद भरली होती. आपल्याकडच्या एका पिढीला नेहरू, युगोस्लाव्हियाचे टिटो, इजिप्तचे नासर ही तीन नावे एका दमात घेण्याची जी सवय होती, ती त्या काळातली. पश्चिम युरोपच्या या स्पर्धेत वर्षानुवर्षे गाणे पाठवणारा तो एकमेव समाजवादी देश होता. १९८९ मध्ये लोझान येथे क्रोएशियातील झादार शहराच्या रिवा या गटाने युगोस्लाव्हियाला पहिले आणि एकमेव विजेतेपद मिळवून दिले, त्यामुळे १९९० ची स्पर्धा झाग्रेबला झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९२ मध्ये स्वीडनमधल्या मालमोच्या रंगमंचावर युगोस्लाव्हियाचे नाव पुकारले गेले तेव्हा रिवाचे झादार आणि यजमान झाग्रेब ही दोन्ही शहरे त्या देशात राहिली नव्हती.

स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी २५ जून १९९१ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले होते. २८ मार्च १९९२ ला बेलग्रेडमध्ये राष्ट्रीय फेरी झाली आणि तीत एक्स्ट्रा नेना या गायिकेचे ‘ल्यूबिम ते पेस्मामा’ हे गाणे निवडले गेले. शीर्षकाचा अर्थ साधारणपणे ‘मी गाण्यांनी तुझे चुंबन घेते’ असा आहे. निवड आणि अंतिम स्पर्धा यांत बरोबर सहा आठवड्यांचे अंतर होते. त्या सहा आठवड्यांत साराएव्होला सर्ब सैन्याचा वेढा पडला आणि २७ एप्रिलला सर्बिया व माँटेनेग्रो या दोनच प्रजासत्ताकांनी नवे संघराज्य जाहीर केले. म्हणजे गाणे निवडले गेले एका देशात आणि गायले गेले दुसऱ्याच देशाच्या वतीने, नाव मात्र तेच. मामांच्या साराएव्होच्या मित्राने ती कॅसेट का नेली नसेल, हे या तारखा एकापुढे एक मांडल्यावर मला समजले.

आता दुकानाकडे वळते. कॅसेट हातात घेताच दुकानातल्या काकांनी तिचे पुढचे झडप उघडून ती उजेडाकडे तिरपी धरली आणि मलाही दाखवली. रिळाच्या कडेवर भस्माची बोटे उमटावीत तशी पांढरट बुरशी होती. “ताई, ही अशीच मशीनला लावली तर फीत जाईल, हेडही जाईल, आणि तुमच्यानंतर येणाऱ्याच्या कॅसेटला हीच बुरशी लागेल,” असे ते म्हणाले. याआधी मी शहरातल्या दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती, तिथे कॅसेट उघडूनही न पाहता “उद्या घेऊन जा” असे सांगण्यात आले होते. माझा निर्णय या एका वाक्यावर झाला.

सफाईचे काम त्यांनी मला समोर बसून पाहू दिले, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. कॅसेटच्या पाठीचे पाच स्क्रू काढून त्यांनी दोन्ही रिळे अलगद नव्या, स्वच्छ कवचात ठेवली. मग केवळ सफाईसाठी बाजूला ठेवलेल्या एका जुन्या यंत्रावर ती फीत अतिशय संथ गतीने सोडली. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या दोन घड्यांमधून अर्ध्या इंच रुंदीची ती पट्टी सरकत होती. दर काही मिनिटांनी काका कापड बदलत आणि वापरलेला तुकडा कागदी पिशवीत बंद करत. तोंडाला मास्क, हातात मोजे, पंखा बंद. मे महिन्यातल्या नाशिकच्या दुपारी पंख्याशिवाय दीड तास बसलेल्या त्या गृहस्थांनी एकदाही घाई केली नाही. व्हीएचएसमध्ये आवाजाची साधी पट्टी फितीच्या एका काठाला असते आणि बुरशी नेहमी काठाकडून आत शिरते, म्हणून चित्राआधी आवाजाची काळजी करावी लागते, हे त्यांनी काम करता करता सांगितले. सुदैवाने मामांचे यंत्र हायफाय होते. त्यात आवाज काठावर आणि शिवाय चित्रासोबत फितीच्या पूर्ण रुंदीवरही नोंदला जातो. आम्हाला जो आवाज मिळाला, तो या दुसऱ्या नोंदीतून.

पहिल्यांदा मिळालेल्या फाइलमध्ये मात्र दोन दोष होते आणि ते नोंदवणे आवश्यक आहे. एक म्हणजे, कॅमेरा आडवा सरकताना प्रत्येक आकृतीच्या कडा दुहेरी दिसत होत्या. दूरचित्रवाणीच्या जुन्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धी चित्रे असतात. ती जोडून २५ पूर्ण चित्रे करताना घाईत एकमेकांत मिसळली, की असे होते. दुसरा दोष अधिक गंभीर होता. फितीची खरखर काढण्यासाठी मुलाने आवाजावर संगणकीय प्रक्रिया केली होती आणि तिच्यात खरखरीबरोबर वाद्यवृंदाच्या तंतुवाद्यांची विरत जाणारी शेपटीही कापली गेली होती. त्या काळी या स्पर्धेत गाण्यांमागे खरा वाद्यवृंद असे. सुरांचा तो शेवटचा श्वास गेला, तर तो पुन्हा कुठून आणायचा? मी हे सांगितल्यावर दोघांनीही वाद घातला नाही. आठ दिवसांत त्यांनी नव्याने रूपांतर करून दिले, आणि आवाजाच्या दोन प्रती दिल्या, एक हलकी साफ केलेली आणि एक जशीच्या तशी. मी जशीच्या तशीच ऐकते.

त्या प्रतीत विसाव्या क्रमांकावर एक्स्ट्रा नेना येते. मंचावर व्हायकिंग जहाजाची मोठी प्रतिकृती आहे, स्वीडनने आपल्या इतिहासाला साजेशी उभारलेली. गाणे संथ, भावगीताच्या अंगाने जाणारे आहे आणि सरळ सरळ प्रेमाचे आहे. त्यात देशाविषयी काही म्हणावे अशी ना अपेक्षा होती, ना ते म्हटले गेले. तीन मिनिटे एक स्त्री आपल्या भाषेत, गळ्यावर पूर्ण ताबा ठेवून गाते आणि नमस्कार करून निघून जाते. आपल्याकडे मैफलीची सांगता भैरवीने होते आणि ती भैरवी आहे हे गाणाऱ्याला व ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. इथे निरोपाचे गाणे निरोपाचे म्हणून कोणीच बांधले नव्हते, आणि मला वाटते, म्हणूनच ते इतके जिव्हारी लागते. त्याला ४४ गुण मिळाले आणि २३ देशांत तेरावा क्रमांक आला. स्पर्धा जिंकली आयर्लंडच्या लिंडा मार्टिनने. तीन आठवड्यांनी, ३० मे रोजी, संयुक्त राष्ट्रांनी बेलग्रेडवर निर्बंध लादले. त्यांत क्रीडा आणि सांस्कृतिक देवाणघेवाणही होती. त्याच निर्बंधांमुळे त्या उन्हाळ्यातल्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत युगोस्लाव्हियाच्या जागी डेन्मार्क खेळला आणि विजेता ठरला. १९९३ च्या गीतस्पर्धेत स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि बोस्निया ही तिघे आपापल्या नावाने आली. युगोस्लाव्हिया हे नाव मात्र या स्पर्धेत पुन्हा कधीच पुकारले गेले नाही.

आणखी एक प्रसंग सांगते. फाइलला मुलाने ‘रशियन गाणे’ असे नाव दिले होते. त्याचा दोष नाही, त्याचा जन्मच त्यानंतरचा. मी त्याला सांगितले, की युगोस्लाव्हिया सोव्हिएत संघात कधीच नव्हता, उलट १९४८ मध्येच टिटो आणि स्टालिन यांचे बिनसले होते. त्याने लगेच नाव बदलले आणि वर्ष, शहर, देश असे तिन्ही तपशील विचारून लिहून घेतले. काका मात्र टिटो हे नाव ऐकून थांबले. त्यांच्या वडिलांच्या बोलण्यात ते नाव असे, असे म्हणाले, आणि ती तीन मिनिटे त्यांनी उभे राहून पुन्हा पाहिली. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे आणि त्यांचे बरेच चित्रपट घडले नाशकात, तरी त्यांतल्या बहुतेकांच्या फिती आज उपलब्ध नाहीत. त्या शहरात एका परक्या देशाची एक फीत इतक्या आस्थेने वाचवली गेली, याचे मला फार समाधान आहे.

दराविषयी थोडक्यात: तीन तासांच्या कॅसेटचे रूपांतर आणि बुरशीची सफाई यांचे वेगवेगळे पैसे घेतले जातात, दोन्ही आकडे आधी सांगितले जातात आणि पावतीवर लिहून मिळतात. दुरुस्तीचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चित्र मूळच्या चार-तीन प्रमाणातच ठेवले जाते, ताणून रुंद केले जात नाही, हे मुद्दाम नमूद करते. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा असल्यामुळे वयस्कर मंडळींना त्रास होईल. फोन केल्यास मुलगा खाली येऊन कॅसेट घेऊन जातो. फाइल घेताना कच्ची, प्रक्रिया न केलेली प्रत आपण होऊन मागून घ्यावी, कारण ती न मागता दिली जात नाही आणि ही सवय त्यांनी बदलायला हवी.

पावसाळा तोंडावर आहे आणि दमट हवेत बुरशी झपाट्याने पसरते, तेव्हा ज्यांना कॅसेट द्यायच्या आहेत त्यांनी जूनच्या आत द्याव्यात. मामांच्या कपाटात आणखी दोन निघाल्या आहेत, एकीवर तर काही लिहिलेलेही नाही. त्या दोन्ही मी सोमवारी तिथेच नेऊन देणार आहे.