रबर की ॲल्युमिनियम : स्पिटफायरच्या ढिल्या स्टेअरिंगवरचे दोन उपाय

ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या स्टेअरिंगमध्ये ‘प्ले’, म्हणजे चाके न वळताच फिरणारा ढिलेपणा, आला आणि तो रॅकच्या (स्टेअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणाऱ्या आडव्या दांड्याच्या) पकडीतून येतो आहे हे एकदा कळले, की मालकापुढे दोन वाटा राहतात : फुगलेले जुने रबर काढून नवे रबर बसवणे, किंवा त्याजागी ॲल्युमिनियमचे ठोकळे घालणे. माझ्या १९६९ च्या मार्क थ्री मॉडेलवर मी आधी पहिली वाट धरली, नंतर दुसरी.

दोष खरोखर तिथेच आहे याची खात्री मात्र आधी करून घ्यावी, कारण मी ती न करता दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड (रॅक चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची टोके) बदलले आणि प्ले होता तेवढाच राहिला. या गाडीत तपासणी करणे फार सोपे आहे. मडगार्डसकट अख्खे बोनेट पुढे उलटते आणि पुढच्या टायरवर बसून सगळी यंत्रणा पाहता येते. गाडी जमिनीवर, इंजिन बंद. मेहुण्याला आत बसवून स्टेअरिंग दोन-दोन बोटे डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगितले. कॉलमखालचा जोड तत्काळ फिरत होता, पण चाके वळण्याऐवजी रॅकची नळीच तिला चासीवर धरणाऱ्या यू-बोल्टमध्ये चांगली एक सूत आडवी सरकत होती आणि तिच्याखालून काळा, तेलकट रबराचा चुरा गळत होता. नळी जागची हलत नसेल, तर गाडी जॅकवर घेऊन चाक आडवे आणि मग उभे धरून हलवावे. उभे धरल्यावर खडखड आली, तर बेअरिंग किंवा ट्रनियन (ज्यावर पुढचे चाक वळते तो खालचा सांधा) पाहावे.

रबराच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. मूळ रचना तीच आहे, खर्च कमी आहे आणि जुन्या मेकॅनिकना ती परिचित आहे. १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या स्टँडर्ड हेरल्ड या गाडीवर ज्यांनी हात चालवला, त्यांना स्पिटफायरचा रॅक परका वाटत नाही, कारण ही गाडी हेरल्डच्याच चासीची आखूड आवृत्ती आहे. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवर दर काही फुटांनी येणारा सांधा रबर निमूटपणे गिळते, हेही मान्य केले पाहिजे. फक्त बसवताना दोन्ही यू-बोल्ट बाहेरच्या बाजूला दाबून धरूनच नट आवळावेत. तसे न केल्यास नवे रबरही पहिल्या दिवसापासून सरकते. हे मला आमच्या मेकॅनिकने नव्हे, दुसऱ्यांदा नट उघडण्याच्या वैतागाने शिकवले.

तरीही रबरावरून माझे मन उडाले ते एका कारणाने. रॅक इंजिनाच्या अगदी पुढ्यात आडवा असल्यामुळे टायमिंग कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या झाकणातून, पाझरणारे तेल त्यावर येते, आणि या वयाच्या इंजिनाचा पाझर पूर्ण बंद करणे मला तरी साधलेले नाही. त्यात आपला उन्हाळा. दोन वर्षे ओळीने असे झाले, की मार्चमध्ये घट्ट असलेले स्टेअरिंग मे अखेरचा नवतपा संपेपर्यंत पुन्हा सैल झाले. ढिलाई एकवेळ सोसता येते. सोसवत नव्हता तो संशय. वर्धा रोडवर गाडी जरा भरकटली, की रबर मऊ झाले आहे की दुसरे काही झिजते आहे, हे खाली वाकून पाहिल्याखेरीज समजत नसे.

अखेर हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून जुन्या रबराच्या मापाने ठोकळे करून घेतले. पॉलियुरेथेन हा मधला मार्ग म्हणून सुचवला जातो. ओळखीच्या एका गाडीत ते करकरताना ऐकल्यामुळे मी त्या फंदात पडलो नाही. ॲल्युमिनियमने दोन बोटांचा प्ले अर्ध्या बोटावर आला आणि गेले दोन उन्हाळे तो तिथेच आहे. आता कधी सैलपणा जाणवलाच, तर तो रॅकच्या पकडीचा नाही एवढे बसल्या जागी कळते. त्याचा मोबदला मनगटांना द्यावा लागतो. सिमेंटचा प्रत्येक सांधा हाताला टोचतो आणि पेव्हर ब्लॉकवरून जाताना स्टेअरिंग अक्षरशः झिणझिणते. शहरातच फिरणाऱ्याला, किंवा ज्याचे इंजिन कोरडे आहे अशा भाग्यवंताला, रबर अधिक मानवेल असे मला वाटते. ज्याला रविवारी पहाटे काटोल रोडने लांब जायचे आहे, त्याने मात्र ठोकळ्यांचा विचार जरूर करावा.

ठोकळ्यांची उंची जुन्या रबराशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून ते बसवल्यावर टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आत झुकणारा कोन, पुन्हा लावून घ्यावे. माझ्याकडून ते राहून गेले आणि दिवाळीपर्यंत पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड गुळगुळीत झाली होती.