किट कारचा आवाज ९९ च्या आत आणायचाय: वूल बदलायची, मोठा सायलेन्सर घ्यायचा की डीबी किलर ठोकायचा?

इंग्लंडात घरच्या गॅरेजमध्ये किट कार, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडलेली गाडी, बांधून झाली की नंबर प्लेटच्या आधी एक मोठी परीक्षा उरते, आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीची सरकारी मंजुरी तपासणी. २००९ मध्ये एसव्हीए नावाच्या जुन्या तपासणीच्या जागी ही आली. डीव्हीएसए या सरकारी वाहन तपासणी संस्थेच्या सेंटरला गाडी न्यायची, दिवे ब्रेक आरसे बेल्ट बाहेर आलेल्या कडा सगळं बघतात आणि त्यातच आवाजाची टेस्ट असते. मर्यादा ९९ डेसिबल. एक्झॉस्ट पाईपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशात माइक लावतात आणि इंजिन ज्या आरपीएमला मॅक्स पॉवर देतं त्याच्या पाऊणपट आरपीएमवर धरायला लावतात. म्हणजे पॉवर ६००० ला असेल तर ४५००.

माझी गाडी १९५७ च्या लोटस सेव्हनच्या धाटणीची, फोर्डचं २ लिटर झेटेक इंजिन, पाईप बाजूने बाहेर आणि तोंड मागच्या चाकाच्या जरासं पुढे. मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या पहिल्या नळ्यांपासून, शेवटापर्यंत सगळं मिळून दोन मीटर असेल नसेल, त्यात एकच छोटा सायलेन्सर. घराच्या ड्राइव्हवेवर कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला मीटर बांधला, बायको मीटरजवळ आणि मी पॅडलवर, दोघांच्या कानाला मफ, त्यामुळे ओरडून काही उपयोग नव्हता, तिने पाकिटाच्या मागे पेनने आकडा लिहून दाखवला: १०३. चार डेसिबल जास्त. चार ऐकायला किरकोळ वाटतं पण डेसिबलचं गणित साधं वजाबाकीचं नाही, तीन डेसिबल कमी करायचे म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी करायची, तर मला निम्म्याहून जास्त ऊर्जा कुठेतरी जिरवायची होती.

तेव्हापासून ओळखीतल्या तीन-चार जणांनी हाच प्रश्न विचारलाय की नेमकं काय करू, म्हणून सगळं एकत्र लिहितोय. यातले दोन जण माझ्यासारखेच पुण्याहून कोव्हेंट्रीकडे गाड्यांच्या कंपन्यांत नोकरीला आलेले आहेत, इंजिनं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतात, पण सायलेन्सर हा प्रकार इंजिनाहून वेगळा आहे आणि तिथे अंदाज चुकतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर आहे. मीटर ए-वेटिंगवर असतो. म्हणजे खालचे, घुमणारे आवाज तो मुद्दाम कमी धरतो. चार सिलिंडरचं इंजिन ४५०० आरपीएमला सेकंदाला १५० स्फोट करतं, म्हणजे मूळ सूर १५० हर्ट्झचा, आणि तिथे मीटर साधारण १४ डेसिबल माफ करतो. दोन हजार हर्ट्झच्या आसपास माफी तर नाहीच, उलट एखादा डेसिबल वाढवूनच धरतो. तर टेस्टला नापास करतो तो बहुतेक वेळा वरचा, कर्कश, पत्रा फाडल्यासारखा आवाज. आणि शेजाऱ्यांना जो त्रास होतो तो खालचा, कारण भिंतीतून, बंद खिडकीतून घुमच आरपार जाते, कर्कशपणा बराचसा बाहेर राहतो. परीक्षक दोन आहेत, एक मीटर आणि एक शेजारी, आणि दोघांना खूश करायचे उपाय वेगवेगळे आहेत.

आता वूल बदलणं, म्हणजे रिपॅकिंग. या गाड्यांना लागणारे सायलेन्सर बहुतेक सरळ नळीचे असतात, आतून भोकं पाडलेली नळी, बाहेर डबा, मध्ये काचेची किंवा बेसॉल्टची वूल ठासलेली. आवाज भोकांतून वूलमध्ये शिरतो आणि धाग्यांत घासून त्याची उष्णता होते. हे काम वरच्या आवाजावर फार छान चालतं आणि खालच्या आवाजावर जवळपास चालतच नाही. वूल कायमची टिकत नाही, तापून ठिसूळ होते आणि भोकांतून भुगा होऊन पाईपने बाहेर जाते. सायलेन्सर काढून हलवून बघा, आत काही खुळखुळलं किंवा डबा अपेक्षेपेक्षा हलका लागला तर वूल संपलीय. डब्याचा रंग एकाच जागी निळसर-तपकिरी झाला असेल तर तिथे आतमध्ये मोकळं झालंय असं धरा.

माझा डबा सेकंडहँड होता. एका बाजूच्या झाकणाचे पॉप रिव्हेट ड्रिलने उडवले, झाकण लाकडाच्या तुकड्यावर ठेवून ठोकून काढलं, आणि आतून ओंजळभर काळा चुरा पडला, बास. जिथे डबाभर वूल असायला हवी होती तिथे नळी जवळजवळ उघडी. मग आधी नळीभोवती स्टीलच्या वूलचा एक थर गुंडाळला, तो गरम गॅसचा मार पहिला झेलतो आणि काचेची वूल जास्त दिवस टिकते, त्याच्यावर लांब धाग्याची काचेची वूल. ती कशी भरायची हे मला आजोळच्या पिंजाऱ्यामुळे लगेच कळलं, गादीचा जुना गोळा झालेला कापूस तो पिंजून मोकळा करायचा आणि मग सगळीकडे सारखा पसरायचा, तसंच हे. गठ्ठे कोंबून भरलं तर आवाज आत शिरत नाही, परत फिरतो, आणि सैल राहिलं तर दोन महिन्यांत बसून एका बाजूला जमा होतं. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, काचेचा धागा अंगाला लागला की खाजकुयली लागल्यासारखं होतं आणि दोन दिवस जात नाही. झाकण बसवून नवे स्टेनलेसचे रिव्हेट मारले की झालं. सगळा खर्च ३० पौंडांच्या आसपास, एक दुपार, आणि रीडिंग १०० वर आलं. तीन डेसिबल एका दुपारीत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की डब्याच्या आत न बघता दुसरं काहीही विकत घेऊ नका. नवा सायलेन्सर असेल तरी एकदा हलवून बघा, नवीन डबेही अर्धेमुर्धे भरलेले मिळतात, मला अशा एकाचा अनुभव आहे.

दुसरा पर्याय मोठ्या सायलेन्सरचा. यात पैसे जातात, मला सव्वादोनशे पौंड पडले आणि बसवण्यासाठी एक ब्रॅकेट नव्याने वेल्ड करावा लागला ते वेगळं. पण इथे मिळतं काय ते बघा. माझा आधीचा डबा ५ इंच व्यासाचा, १६ इंच लांब. नवा ७ इंची, २४ इंच लांब. आतली २ इंची नळी वजा केली तरी वूलला जागा तिपटीहून जास्त झाली. लांबी वाढली म्हणून आवाजाला वूलमधून जास्त अंतर कापावं लागतं, जाडी वाढली म्हणून थोड्या खालच्या सुरांपर्यंत पकड पोचते. शिवाय वूल जास्त म्हणजे कमी तापते, म्हणजे टिकते.

तरीही १५० हर्ट्झचा मूळ सूर याने जात नाही. गरम गॅसमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या पुढे जातो, म्हणजे त्या सुराची लाट साधारण साडेतीन मीटर लांब, आणि तिच्यापुढे २४ इंचाचा डबा म्हणजे नदीत घातलेली फळी. कंपनीच्या मोठ्या गाड्या शांत असतात कारण त्यांच्यात पाईप लांब, डबे दोन-तीन, आणि मागचा डबा कप्प्याकप्प्यांचा असतो, आवाज एका कप्प्यातून दुसऱ्यात वळून उलटा येऊन स्वतःलाच मारतो. बाजूने निघणाऱ्या पाईपला तेवढी जागाच नाही. ज्यांच्या गाडीचा पाईप मागून निघतो, म्हणजे माझदा एमएक्स-५ चे सुटे भाग वापरून बांधलेल्या बऱ्याच गाड्या, त्यांनी मागे कप्प्याचा आणि मध्ये वूलचा असे दोन डबे लावावेत, मीटरही खूश आणि गल्लीही. माझ्याकडे ती सोय असती तर मी डोळे झाकून तेच केलं असतं.

मोठ्या डब्याने माझं रीडिंग ९६ आलं. गाडीचं वजन थोडं वाढलं, आणि चढता-उतरता पोटरीला चटका बसायचा धोकाही वाढला कारण डबा आता जास्त बाहेर येतो, म्हणून वरून भोकांच्या पत्र्याचं गार्ड लावलं. त्या गार्डच्या आणि पाईपच्या तोंडाच्या कडा गोल करायला विसरू नका, बाहेरच्या कडांना आयव्हीएत किमान २.५ मिलिमीटरची गोलाई लागते, आवाजात पास आणि कडेत नापास असं व्हायला नको.

आता डीबी किलर, म्हणजे पाईपच्या तोंडात घालायची बुचासारखी अरुंद नळी. आपल्याकडे बुलेटवाल्यांना हा शब्द तोंडपाठ आहे. १५-२० पौंडात मिळतो, एका बोल्टवर बसतो, दहा मिनिटांचं काम, म्हणून सगळ्यांचा पहिला हात याच्याकडेच जातो. काम करतो का, तर करतो, २ ते ४ डेसिबल जाऊ शकतात. पण हिशेब बघा, ५० मिलिमीटरच्या पाईपला ३२ ची नळी घातली की तोंडाचं क्षेत्रफळ ४१ टक्केच उरतं. गॅस मागे तुंबतो, वरच्या आरपीएमला पॉवर पडते, एक्झॉस्ट जास्त तापतो, आणि उघड्या पाईपवर मॅप केलेलं, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये इंधनाचा हिशेब बसवलेलं, इंजिन असेल तर त्याचं मिक्श्चरही बिघडू शकतं. त्यात अरुंद तोंडातून गॅस जोरात सुटला की शिट्टीसारखी सूं येते आणि ती बरोब्बर त्या वरच्या सुरांत असते जिथे मीटर काही माफ करत नाही. माझ्या मित्राच्या गाडीला डीबी किलर घातल्यावर कानाला आवाज निम्मा वाटला आणि मीटर फक्त दीड डेसिबलने उतरला, तो यामुळेच.

टेस्टपुरता घालायचा आणि घरी येऊन काढून टाकायचा, असं बरेच जण करतात. मला ते पटत नाही. टेस्ट ज्या अवस्थेत पास झाली त्याच अवस्थेत गाडी रस्त्यावर असायला हवी, आणि पुढे एमओटीला, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीला, टेस्टर कानाने ऐकून ठरवतो, तिथे परत तोच प्रश्न उभा राहतो. पुण्यात पोलिसांनी बुलेटचे मॉडिफाय केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून रोलरखाली चिरडले तेव्हा मालकांबद्दल मला वाईट वाटलं होतं, पण रात्री अकराला ज्याच्या खिडकीखालून तो फटाका गेलाय त्याचंही म्हणणं मला मान्य आहे. आपली गाडी आवडती आहे म्हणून तिचा आवाज दुसऱ्याला आवडलाच पाहिजे असं नाही. डीबी किलर घालायचाच तर कायमचा घाला आणि तो बसवून मॅप करून घ्या.

बाकी किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. सांध्यातली गळती आधी शोधा, इंजिन थंड असताना चालू करून कोणाला तरी ओलं जाड फडकं पाईपच्या तोंडावर दोन सेकंद धरायला सांगा आणि तुम्ही सांध्यांपाशी कान द्या, टिक-टिक किंवा फुस्स ऐकू आलं की तिथे गन गम (एक्झॉस्टची गळती बुजवायची पेस्ट) लावून क्लॅम्प आवळा, गळती असेल तर सगळ्यात भारी सायलेन्सरही वाया. इंजिनाच्या वयानुसार कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, लागणारच असेल तर तो बसवूनच मोजा, त्याची जाळी स्वतः एखाद-दोन डेसिबल खाते. आणि उघड्या थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपा) असतील तर इनटेकचा, म्हणजे हवा आत ओढण्याचा, आवाज विसरू नका, पाईपचं तोंड तिथून दूर असेल तर आयव्हीएच्या माइकला तो फारसा कळत नाही पण ट्रॅकवर कळतो. ट्रॅक डेला, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला, जायचा विचार असेल तर तेव्हाच्या मर्यादा आत्ताच बघा, डॉनिंग्टनला उभ्या गाडीला ९८, आणि बेडफर्ड ऑटोड्रोमला धावत्या गाडीला ८७.५. बेडफर्डचा आकडा गाठायला इनटेक झाकणाऱ्या एअरबॉक्ससकट सगळं लागतं.

मग कोणी काय करावं. रीडिंग १०० ते १०२ असेल आणि डबा जुना असेल तर वूल बदला आणि परत मोजा, बहुतेक तिथेच काम होईल. १०३ किंवा त्याच्या वर असाल, किंवा डबा नव्याने भरलेला असूनही ९९ च्या वरच असाल, तर वूलवर अजून वेळ घालवू नका, जागा मोजा आणि बसेल तेवढा लांब डबा घ्या, जाडी आणि लांबी यांत निवडायची वेळ आली तर मी लांबी घेईन. पाईप मागून निघत असेल तर दोन डबे. डीबी किलर फक्त तेव्हा, जेव्हा बाकी सगळं करून एखादा डेसिबल उरलाय आणि टेस्टची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

घरी मोजताना ९९ वर थांबू नका, ९६ चं लक्ष्य ठेवा. माइक ५० ऐवजी ६० सेंटिमीटरवर राहिला तरी दीड डेसिबल कमी दिसतो, समोर भिंत असेल तर वाढतो, आणि फोनच्या ॲपवर तर विसंबूच नका, फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, १०० च्या आसपास तो गुदमरू शकतो आणि चुकीचा आकडा देऊ शकतो. २५ पौंडांचा साधा मीटर घ्या, दोरीला अर्ध्या मीटरवर गाठ मारून अंतर धरा, इंजिन पूर्ण गरम करा आणि तीनदा मोजून त्यातला सगळ्यात मोठा आकडा खरा माना. टेस्टच्या आदल्या दिवशी सांधे परत आवळा, ट्रेलरवर गाडी हादरते आणि क्लॅम्प सैल होतात. माझा एक झाला होता, सेंटरच्या पार्किंगमध्ये १३ चा पाना घेऊन गाडीखाली झोपलो, आवळला, आणि पंधरा मिनिटांनी टेस्टरच्या मीटरवर ९६.५ दिसलं.