सोलापूरच्या लॅबसाठी ४० किलोहर्ट्झचा सोनिकेटर बाथ: घ्यावा का?

गेल्या काही वर्षांत एम.एस्सी. प्रोजेक्टपासून पीएच.डी.पर्यंत सेंद्रिय रसायनशास्त्राची जी कामं होतात, त्यांत 'अल्ट्रासाउंड वापरून नवी पद्धत' हा विषय हमखास असतो. त्यामुळे सोलापूर विद्यापीठाच्या परिसरात काय आणि शहरातल्या कॉलेजांत काय, खरेदीच्या यादीत साडेतीन लिटरचा, ४० किलोहर्ट्झचा, हीटर आणि टायमर असलेला देशी सोनिकेटर बाथ (पाण्यात अल्ट्रासाउंड, म्हणजे कानाला ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा ध्वनी सोडणारी टाकी) वरच्या क्रमांकावर येतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे हे बाथ आतून जवळपास सारखेच असतात: ३०४ ग्रेड स्टीलची टाकी, तिच्या बुडाला बाहेरून चिकटवलेले दोन-तीन ट्रान्सड्यूसर (विजेचं ध्वनीत रूपांतर करणारे भाग), त्यांना वीज पुरवणाऱ्या जनरेटरचं कार्ड आणि ८० अंशांपर्यंत जाणारा हीटर. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या वर्गातल्या यंत्राचं आहे. आणि हे यंत्र भांडी धुण्यासाठी किंवा एचपीएलसीची (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची) द्रावणं डीगॅस करण्यासाठी, म्हणजे त्यांतली हवा काढण्यासाठी नाही, तर रेणू बनवण्यासाठी किती उपयोगी आहे, एवढाच प्रश्न इथे आहे.

आधी निकाल: पाचपैकी साडेतीन. जिथे घन आणि द्रव एकत्र आहेत, विशेषतः जिथे धातू वापरायचा आहे, तिथे पैसे वसूल. सगळं विरघळलेलं असेल तर बहुतेक वेळा हा बाथ म्हणजे आवाज करणारा गरम पाण्याचा टब.

पहिली अडचण कॅटलॉगमधल्या वॅटची. '१२० वॅट' असं लिहिलेलं असतं ते जनरेटर विजेतून किती घेतो याचं. पाण्यात किती उतरतं हे वेगळं मोजावं लागतं, आणि मोजणं सोपं आहे. हीटर बंद ठेवा, टाकीत मोजून अडीच लिटर डिस्टिल्ड पाणी घाला, साधा काचेचा थर्मामीटर लटकवा आणि पाच मिनिटं अल्ट्रासाउंड चालवा. समजा तापमान २ अंशांनी वाढलं. २५०० ग्रॅम गुणिले ४.१८ गुणिले २, भागिले ३०० सेकंद: साधारण ७० वॅट. हाच आकडा तुमच्या प्रबंधात गेला पाहिजे, कॅटलॉगमधला नव्हे. मोजणी खोलीच्या तापमानाच्या जवळपास करा, नाहीतर हवेत जाणारी उष्णता हिशोब बिघडवते.

दुसरी अडचण जागेची. ४० किलोहर्ट्झला पाण्यात ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.७ सेंटिमीटर, म्हणजे जोराचे पट्टे (जिथे ध्वनी सर्वांत तीव्र असतो त्या पातळ्या) साधारण १.९ सेंटिमीटर अंतराने येतात. फ्लास्क सेंटिमीटरभर वर-खाली झाला की त्याच रिॲक्शनला एकदा वीस मिनिटं लागतात आणि एकदा पन्नास. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल टाकीच्या उंचीइतकी कापून उभी धरा आणि मिनिटभर बाथ चालवा. जिथे जोर आहे तिथे ती चाळणीसारखी होते, बाकी ठिकाणी नुसत्या सुरकुत्या पडतात. टाकीच्या तीन-चार जागी हे करून नकाशा काढा आणि सर्वांत जास्त भोकांच्या जागी क्लॅम्पची खूण करा. ट्रान्सड्यूसरच्या बरोबर वरच्या आणि दोन ट्रान्सड्यूसरच्या मधल्या पट्टीत एवढा फरक दिसतो की त्यानंतर कुणी फ्लास्क बास्केटमध्ये नुसता ठेवून देत नाही. बास्केट तर काढूनच टाका. ती जाळी बराच जोर स्वतःच खाते.

फ्लास्क कोणता घ्यायचा? गोल बुडाच्या फ्लास्कपेक्षा (आरबी) सपाट बुडाचा, पातळ काचेचा कोनिकल बरा, कारण खालून येणारा ध्वनी सपाट काचेतून जास्त आत जातो. बूड टाकीला टेकता कामा नये. आतल्या मिश्रणाची पातळी आणि बाहेरच्या पाण्याची पातळी एका रेषेत ठेवा. पाण्याची उंचीही रोज तीच हवी. टाकीच्या आत खूण करून घ्या, कारण पाणी कमी-जास्त झालं की जोराचे पट्टेही सरकतात.

आता सोलापूरचा खरा मुद्दा: तापमान. अल्ट्रासाउंडची सगळी किमया बुडबुडे फुटण्यात आहे. पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, वाढतात आणि कोसळतात. त्या क्षणी बुडबुड्याच्या आत हजारो अंश तापमान होतं. पण द्रव आधीच गरम असेल तर बुडबुड्यात बाष्प भरतं आणि कोसळण्याचा मार हलका पडतो. म्हणजे तापमान वाढलं की साधी रिॲक्शन वेगाने होते आणि अल्ट्रासाउंडचा वाटा उलट घटतो. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणीच इतकं तापलेलं असतं की हीटर बंद असूनही अर्ध्या तासात बाथ पन्नाशीच्या आसपास पोचतो. पेपरमध्ये 'रूम टेम्परेचर' लिहिलं जातं आणि ती रिॲक्शन प्रत्यक्षात ५० अंशांवर झालेली असते. त्याच विद्यार्थ्याला डिसेंबरात तीच यील्ड (मिळणाऱ्या पदार्थाचं प्रमाण) येत नाही, मग कॅटॅलिस्ट खराब झाला म्हणून नवी बाटली मागवली जाते.

उपाय स्वस्त आहे. टाकीच्या आतल्या कडेने तांब्याच्या बारीक नळीचे तीन-चार वेढे बसवा, त्याला माशांच्या टाकीत वापरतात तो छोटा पंप जोडा आणि पंप बर्फाच्या पाण्याच्या बादलीत सोडा. नळी फ्लास्कच्या खाली नको, कडेलाच. अशाने बाथ ३० अंशांच्या जवळ धरता येतो. थेट बर्फ टाकू नका: पातळी बदलते, तरंगणारे तुकडे ध्वनी अडवतात आणि वितळता वितळता आत अडकलेली हवा सोडतात. तापमान डिजिटल पॅनेलवर बघण्यातही अर्थ नाही, त्याचा सेन्सर टाकीच्या पत्र्याला चिकटलेला असतो. थर्मामीटर फ्लास्कच्या आत हवा.

द्रावक निवडतानाही हेच लक्षात ठेवा. इथर ३४.६ अंशांना उकळतं, डायक्लोरोमिथेन ३९.६ अंशांना; उन्हाळ्यात सोलापुरात या दोघांचा इथे काही उपयोग नाही. पाणी किंवा पाणी-इथेनॉल सर्वांत बरं. आणि पेटणारं द्रावक कधीही थेट टाकीत ओतू नका. टाकीत पाणी, द्रावक फक्त फ्लास्कमध्ये. टायमरच्या स्विचमधली ठिणगी तिथेच दोन इंचांवर असते.

पाण्याचा दुसरा पैलू मात्र या यंत्राच्या बाजूने जातो. रिफ्लक्स (मिश्रण उकळत ठेवून बाष्प थंड करून परत आणणं) लावला की बाष्प थंड करणाऱ्या कंडेन्सरमधून मिनिटाला लिटरभर पाणी धरलं तरी सहा तासांत ३६० लिटर पाणी मोरीत जातं. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे हा हिशोब प्रत्येक लॅब असिस्टंट करतो. बाथमध्ये ३०-४० अंशांवर होणाऱ्या रिॲक्शनला कंडेन्सरच लागत नाही. 'हरित रसायन' म्हणून प्रस्तावनेत जे लिहितात, त्यापेक्षा हा फायदा जास्त खरा आहे.

बोअरचं पाणी टाकीत घालू नका. जड पाण्याचा पांढरा थर बुडाला बसतो, हीटर त्याच्याखाली तापत राहतो आणि क्लोराइडमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी, त्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. पृष्ठताण कमी झाल्याने बुडबुडे सहज बनतात. ताजं पाणी भरल्यावर फ्लास्क न लावता दहा मिनिटं बाथ चालवून हवा घालवा, मगच फ्लास्क लावा. पाणी कमी असताना यंत्र चालू राहिलं तर ट्रान्सड्यूसर तापून गोंद सुटतो, आणि ती दुरुस्ती सोलापुरात सहसा होत नाही. यंत्र पुण्याला पाठवावं लागतं. विजेचा दाब खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर लावा, कारण स्वस्त जनरेटर दाबाप्रमाणे जोर बदलतो.

आता प्रत्यक्ष रिॲक्शन. चाचणी म्हणून बहुतेक जण बेंझाल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइलची नोव्हेनागेल (हे दोन रेणू पाणी सोडून जोडणारी रिॲक्शन) घेतात, दहा मिनिटांत पांढरे स्फटिक पडतात आणि सगळे खूश होतात. ही चाचणी निरुपयोगी आहे. थोडा बेस असला की ही रिॲक्शन अल्ट्रासाउंडशिवाय, नुसत्या ढवळण्यानेही होते. नायट्रो गट असलेल्या आल्डिहाइडबरोबर तर आणखी लवकर. (मॅलोनोनायट्राइल ३२ अंशांना वितळतं, त्यामुळे मेमध्ये कपाटातली बाटली द्रव झालेली सापडते. ते विषारी आहे. फ्रिजमध्ये ठेवा आणि वजन हूडखाली करा.)

खरी परीक्षा धातूची. १९८० मध्ये लूश आणि दामियानो यांनी साध्या क्लीनिंग बाथमध्ये लिथियम वापरून बार्बिएर रिॲक्शन (धातूच्या मदतीने हॅलाइड आणि आल्डिहाइड किंवा कीटोन जोडून अल्कोहोल बनवणं) करून दाखवली, तेव्हापासून सेंद्रिय संश्लेषणात या यंत्राला मान आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये लिथियमऐवजी जस्त घ्या. ५० मिलीच्या कोनिकलमध्ये बेंझाल्डिहाइड १.०६ ग्रॅम, जस्ताची पूड १.३ ग्रॅम, अमोनियम क्लोराइडचं संतृप्त द्रावण १० मिली आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान हे द्रावक) २ मिली. बाथ सुरू करून अलिल ब्रोमाइड १.३ मिली थेंबाथेंबाने, दहा मिनिटांत घाला. एकदम ओतलं तर मिश्रण तापून उसळतं. अलिल ब्रोमाइड डोळ्यांतून पाणी काढतं, म्हणून अख्खा बाथ हूडमध्ये हवा. बूच घट्ट लावू नका: जस्त आणि अमोनियम क्लोराइडमधून हायड्रोजन सुटत असतो.

जस्तावर ऑक्साइडचा थर असतो. नेहमीच्या पद्धतीत तो विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन, मग पाणी, इथेनॉल आणि इथरने धुऊन पूड वाळवावी लागते. बाथमध्ये बुडबुड्यांच्या माऱ्याने तो थर चालता चालता निघतो. जुन्या बाटलीतलं करडं पडलेलं जस्तही कामाला लागतं. या एका गोष्टीसाठी यंत्राला पूर्ण गुण. मात्र पूड बुडाला बसते आणि बाथ तिला उचलू शकत नाही. टाकीखाली मॅग्नेटिक स्टरर चालत नाही, म्हणून वरून टेफ्लॉनच्या पात्याचा स्टरर सोडा किंवा दर पाच मिनिटांनी फ्लास्क हलवा.

टीएलसी (पातळ थरावर ठिपके वेगळे करून रिॲक्शन कुठवर आली ते बघणं) हेक्झेन-इथाइल ॲसिटेट ८:२ मध्ये बघा. तयार झालेल्या अल्कोहोलचा ठिपका आल्डिहाइडच्या खाली येतो. तळाशी ओढल्यासारखी रेघ दिसली तर ते बेंझॉइक आम्ल, म्हणजे बेंझाल्डिहाइड हवेने खराब झालेलं आहे. वापरण्याआधी सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुवा. रिॲक्शन संपल्यावर सेलाइटमधून (गाळण्याची बारीक पूड) गाळा, इथाइल ॲसिटेट १५ मिलीने दोनदा पदार्थ काढून घ्या, निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवा आणि रोटावर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र) द्रावक काढा. पूर्ण यील्ड, म्हणजे सगळा आल्डिहाइड बदलला तर, १.४८ ग्रॅम. त्याहून जास्त तेल मिळालं तर आनंद करण्याचं कारण नाही, त्यात द्रावक किंवा न वापरलेला आल्डिहाइड आहे.

आणि कंट्रोल. अल्ट्रासाउंड बंद, बाकी सगळं तेच: तोच फ्लास्क, तेच तापमान, तेवढाच वेळ, आणि जोरात ढवळणं. नुसता स्थिर ठेवलेला फ्लास्क हा कंट्रोल होत नाही. तुलना चांगल्या ढवळण्याशीच हवी. 'नवी पद्धत' म्हणून जाणाऱ्या पेपरांत हा एक प्रयोग नसतो आणि नेमका तोच चांगला परीक्षक मागतो. त्याबरोबर वारंवारता, मोजलेले वॅट, पाण्याची उंची, फ्लास्कची जागा आणि आतलं तापमान लिहा. मुंबईच्या आयसीटीमध्ये (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांच्या गटांनी कॅव्हिटेशनवर, म्हणजे बुडबुडे बनून कोसळण्यावर, जे काम केलं आहे ते वाचलं, तर हे आकडे का लागतात ते समजतं.

मोठ्या प्रमाणाची अपेक्षा मात्र ठेवू नका. पाच-दहा ग्रॅमपर्यंत ठीक. लिटरचा फ्लास्क लावला तर ध्वनी मध्यापर्यंत पोचतच नाही. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात पुढे हे नेण्याचा विचार असेल तर बाथचे आकडे तिथे चालणार नाहीत, तिथे प्रवाही सेलची (ज्यातून मिश्रण वाहत जातं अशा कक्षाची) वेगळी मांडणी लागते. प्रोब सोनिकेटरमध्ये (यात धातूची कंप पावणारी कांडी मिश्रणात बुडवतात) जोर थेट मिश्रणात उतरतो, पण किंमत कितीतरी पट, आणि टायटॅनियमचं टोक झिजून धातूचे कण रिॲक्शनमध्ये येतात.

घ्यायचाच असेल तर टाकीला खालून ड्रेन कॉक असलेलाच घ्या. तो नसेल तर रोज तीन लिटर पाणी यंत्र उलटं करून ओतावं लागतं आणि थेंब जनरेटरच्या कार्डात जातात. हीटर आणि अल्ट्रासाउंडचे स्विच वेगवेगळे हवेत. काही स्वस्त मॉडेलमध्ये एकाच बटणावर दोन्ही चालू होतात, ते संश्लेषणाच्या कामाचं नाही. झाकण स्टीलचं, आणि त्याला क्लॅम्पची दांडी जाईल अशी खाच. ट्रान्सड्यूसरची वॉरंटी वेगळी लिहून मागा, कारण 'एक वर्ष' म्हणतात ते बहुधा फक्त कार्डाचं असतं. आणि विक्रेत्याचा माणूस यंत्र बसवायला येईल तेव्हा तो पाण्यात तरंग दाखवून निघायच्या आत त्याच्यासमोरच वॅट मोजा. आकडा कॅटलॉगच्या निम्म्याहून खाली आला तर पावतीवर सही करू नका.