सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही: ३३,२०० रुपये कसे लुबाडले गेले

सेल्फ मारला की इंजिन झकास फिरतं, पण पकडत नाही. या एका लक्षणावर गॅरेजवाला तुम्हाला वाटेल ते विकू शकतो. कारण पेट्रोल येत नसेल, स्पार्क पडत नसेल, सेन्सर गेला असेल, रिले किंवा फ्यूज उडाला असेल, चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरने चावी ओळखली नसेल, काहीही असू शकतं. म्हणूनच काहीही सांगता येतं. मला पेट्रोलचा पंप, इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची सफाई आणि ईसीएमची (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची) दुरुस्ती असं तिन्ही विकलं गेलं. बिघाड यातल्या एकातही नव्हता.

मे महिन्यातली दुपार, पुण्यातला सिंहगड रोड, राजाराम पुलाच्या अलीकडे सिग्नलला गाडी बंद पडली. २०१४ ची पेट्रोल गाडी, तोवर कधी त्रास नाही. टोइंगवाल्याने २,२०० रुपये घेतले आणि "ताई, ओळखीचं गॅरेज आहे" म्हणत थेट तिथेच नेऊन सोडली. यात त्यांचं कमिशन असतं हे मलाही माहीत आहे. पण मागच्या सीटवर सत्तरी ओलांडलेले बाबा घामाघूम, मागून हॉर्नचा भडिमार, अशा वेळी चार गॅरेजचे दर विचारत बसायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा ते करून दाखवावं.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. मेकॅनिकने चावी ऑन केली आणि मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घूंऽऽ असा आवाज आला. तो पंपाचा आवाज. मी तिथेच उभी होते, मी तो ऐकला आणि विचारलंही, "पंप तर चालतोय ना?" तो म्हणाला, "आवाज येतो ताई, पण प्रेशर नाही." हे उत्तर सरसकट खोटं नाही, तिथेच तर मेख आहे. पंप गुणगुणतो आणि दाब पुरेसा नसतो, असं खरंच होतं. पण दाब आहे की नाही हे दाब मोजायचं गेज लावल्याशिवाय कोणाला सांगता येत नाही, आणि त्याने गेज लावलंच नाही. सेल्फ मारताना इंजिनचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा शून्यावर मेल्यासारखा पडून होता, तेही माझ्या डोळ्यांसमोर. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, ते कोड त्याच्या फोनवर दिसत होते, मी वाकून बघायला लागले तर त्याने फोन फिरवून "जुने कोड आहेत" म्हणत पुसून टाकले. मी हिशेबनीस आहे, मेकॅनिक नाही. डॉक्टरने सांगितलेली तपासणी आपण करतो, तसंच माणूस इथेही विश्वास ठेवतो.

पंप ११,८०० रुपये, मजुरी १,५००, वर "लगे हाथ" इंजेक्टर क्लीनिंग ३,२००. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली. सकाळी, म्हणजे इंजिन गार असताना! ती पंपामुळे चालू झाली नव्हती, गार झाल्यामुळे झाली होती. पुढच्याच आठवड्यात नवले पुलाजवळ भर दुपारी पुन्हा तेच. परत त्याच गॅरेजमध्ये, कारण पंपाची वॉरंटी त्याच्याकडे होती. आता म्हणे ईसीएम गेला, रिपेअरचे १४,५०० रुपये. गाडी पुन्हा सकाळी चालू करून दाखवली. काही दिवसांनी पुन्हा बंद.

शेवटी वारज्यातल्या एका वयस्कर मेकॅनिककाकांनी गाडी गरम होऊन बंद पडेपर्यंत चालवली आणि मग स्कॅनर लावला. पी०३३५, क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. इंजिन कुठल्या स्थितीत आहे हे तो सेन्सर सांगतो. त्याची खूण आली नाही तर ईसीएम स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. गरम झाला की काम सोडायचा, गार झाला की पुन्हा नीट. नाना पेठेतून सेन्सर १,१५० रुपयांना आणला, मजुरी ४००. काकांनी ईसीएम काढून दाखवला: झाकणाचं सील जसंच्या तसं. तो कधी उघडलाच नव्हता. १४,५०० रुपये नुसता काढून परत बसवण्याचे!

चौकीत गेले तर, "मॅडम, हा दिवाणी मामला आहे, ग्राहक न्यायालयात जा." न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? साधा अर्ज घ्यायलाही तयार नव्हते. पक्कं बिल आणा म्हणाले. पक्कं बिल न देणं हाच तर त्या माणसाचा धंदा आहे. एका सरकारी कार्यालयात सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. मग कोणाच्या येतं? उत्तर नाही. नुसतं "पुढचं टेबल". दुचाकीवर हेल्मेट नसलं की दंडाची पावती हातात पडायला एक मिनिट लागत नाही, आणि इथे ३३,२०० रुपये गेलेल्या बाईला बसायला खुर्चीसुद्धा कोणी देत नाही. गॅरेजवाला तर चौकीचं नाव काढताच म्हणाला, "जा ना, कोण अडवतंय." त्याला माहीत होतं तिथे काय होणार.

पंप बदलायचा म्हणाला तर आधी गेज लावून दाब दाखवायला सांगा, आकडा स्वतः वाचा. कोड पुसण्याआधी फोटो काढा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत नसेल तर क्रँक सेन्सरचं नाव तुम्हीच घ्या. डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल तर आधी दुसरी चावी लावून बघा, फुकटात कळतं. गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी गार असताना "दुरुस्त झाली" म्हणून ताब्यात घेऊ नका. काढलेला पार्ट तिथेच मागा. मला माझा जुना पंप आजतागायत मिळालेला नाही. आणि पैसे रोख देऊ नका.

रोख मी दिले नव्हते, एवढं बरं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. कच्च्या बिलांचे फोटो, यूपीआयच्या नोंदी, न उघडलेल्या सीलचे फोटो आणि काकांनी सही करून दिलेला कागद जोडून माझी तक्रार दाखल झाली आहे. पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या, असा निरोप त्याने टोइंगवाल्याकरवी पाठवला. मी मागे घेणार नाही.